हात पुढे करा बघू

ये, जवळ ये. दारातूनच 'काकू, बरी आहेस ना' म्हणायचं आणि चप्पल न काढता निघायचं, ही कुठली पद्धत? चाळ सोडून कुणी विरारला गेलात, कुणी बदलापूरला, जा बापडे. पण गणपतीच्या स्मरणिकेसाठी 'काकू, काहीतरी लिही' असा निरोप ग्रुपवर टाकायला बरा वेळ मिळतो तुम्हाला. बस आता. आणि आधी हात पुढे कर बघू. असे नव्हेत. दोन्ही हातांनी बस थांबवल्यासारखे. कोपरं ताठ, पंजे वर उभे, बोटं फाकलेली. डोळे मीट आणि तसेच धरून ठेव.

हां. छान स्थिर आहेत. घे खाली.

मी भविष्य बघत नाही की हातावरच्या रेषा बघत नाही. हे मला तिनं शिकवलं. तुमच्यातल्या जुन्यांना ती आठवत असेल, माझ्या माळ्यावर राहायची ती, जिला तुम्ही सगळे उंदीरबाई म्हणायचात. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. तिला ते आवडायचं नाही. आणि खरं सांगायचं तर नाव लिहिलं असतं तरी 'कोण गं ही?' असंच विचारलं असतंत. उंदीरबाई म्हटल्यावर कसे लगेच हसलात.

ती आली होती दोन महिन्यांसाठी. सोलापूरकडची मुलगी, परळच्या कॉलेजात औषधशास्त्रात पीएच.डी. करायला आलेली. हॉस्टेलला जागा नव्हती आणि आमची लेक लग्न होऊन गेल्यामुळे माळा रिकामा होता. मी तिला आधीच सांगितलं, बाई गं, माळ्यावर ताठ बसता येत नाही, डोकं आपटतं. तर म्हणाली, "काकू, मी दिवसभर उंदरांसमोर वाकूनच असते." झालं. हे पलीकडच्या खोलीत ऐकू गेलं आणि संध्याकाळपर्यंत चाळभर तिचं बारसं झालेलं होतं. तिला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "उंदीर पांढरे असतात म्हणून सांगा हो. नाहीतर लोक भलतंच समजतील."

दोन महिन्यांनी हॉस्टेलला जागा मिळाली. गेली नाही. माझ्या हातचं बांगड्याचं तिखलं हे कारण होतं असं मी सांगते. आमचे हे म्हणायचे, कारण तू नाहीस, मी आहे. तेही खोटं नव्हतं. संध्याकाळी हे दोघं गॅलरीत बसायचे. हे माझगावच्या गोदीत फिटर होते, निवृत्त झालेले. ते तिला जहाजांची इंजिनं समजावायचे आणि ती त्यांना लिव्हर समजावायची. मी आत मसाल्याच्या मिरच्यांची देठं खुडत दोन्ही ऐकायची.

"म्हणजे नेमका कसला शोध घेतेस गो तू?" ह्यांनी एकदा विचारलं.

"काका, मोरीची जाळी तुंबली की पाणी कुठे जातं?"

"खोलीत येता."

"लिव्हर म्हणजे जाळी. ती खराब झाली की पोटातलं विष रक्तात राहतं, रक्तातून मेंदूत जातं. मेंदू सुजतो. माणूस दिवसा झोपतो, रात्री टक्क जागा राहतो, रोजच्या रस्त्यावर चुकतो, बोलताना अडकतो. आणि लोक म्हणतात, ढोसून आलाय."

"आणि ढोसून नसलो तर?"

"तरी म्हणतात," ती म्हणाली.

डॉक्टर होणार म्हटल्यावर चाळ थोडीच सोडते? कुणी गुडघा घेऊन यायचं, कुणी खोकला. तिचं उत्तर ठरलेलं. "मी औषध देणारी नव्हे. औषधाला प्रश्न विचारणारी." मग गुडघ्याला काय लावू, असं पुन्हा विचारलं की पुन्हा तेच, त्याच गोड आवाजात. आमच्या मजल्यावरच्या बायका म्हणायच्या, एवढं शिकून हिला गुडघ्याचं येत नाही.

औषधाला प्रश्न विचारायचा म्हणजे काय, ते मला मसाल्यानं कळलं. तुम्हाला माहीत आहे, माझ्या मसाल्याला दादरपासून माहीमपर्यंत गिऱ्हाईक होतं. मिरच्या मी लालबागच्या गल्लीत स्वतः निवडायची, भाजायची स्वतः, कांडून घ्यायला समोर उभी राहायची. मी एकदा म्हटलं, माझा मसाला मी झोपेतसुद्धा ओळखेन. ती म्हणाली, "झोपेत नको, जागेपणीच ओळखा." आणि रविवारी तिनं एकाच वाटपाची आमटी तीन पातेल्यांत केली. एकात माझा मसाला, एकात गल्लीतला तयार, एकात कुठल्या तरी पाकिटातला. कुठल्यात काय ते ह्यांनी ठरवलं आणि तिलासुद्धा सांगितलं नाही. का, तर तिला माहीत असलं तर तिच्या तोंडावरून मला कळेल.

मी चाखलं. पुन्हा चाखलं. छातीठोकपणे मधल्या पातेल्यावर बोट ठेवलं.

पाकिटातला निघाला.

हे इतके हसले की ठसका लागला. ती हसली नाही. तिनं माझा हात धरला. "काकू, मसाला तुमचाच चांगला असेल. पण तो माझा आहे हे आधी माहीत असलं की जीभ न्याय करत नाही. उंदरांचंही असंच. कुठल्याला औषध दिलंय हे मला माहीत असलं तर तोच मला हुशार दिसायला लागतो. म्हणून पिंजऱ्यांवर फक्त खुणा असतात. कुठली खूण कसली ते दुसऱ्याकडे."

"म्हणजे तुझा स्वतःवरसुद्धा विश्वास नाही?"

"कामाच्या वेळी नाही," ती म्हणाली. मला तेव्हा ते विचित्र वाटलं होतं.

आता त्या गणपतीचं सांगते. तुम्हाला आठवतं, पण तुम्हाला तुमच्या बाजूनं आठवतं.

आपल्या चाळीच्या गणपतीचं गाऱ्हाणं हेच घालायचे. त्यांच्या आधी त्यांचे काका घालायचे. बाहेरून आलेल्या सुनांना म्हणून सांगते, गाऱ्हाणं म्हणजे आरतीनंतर एकानं पुढे उभं राहून सगळ्यांच्या वतीनं देवाशी बोलायचं. कुणाची नोकरी, कुणाचं लग्न, कुणाचं दुखणं, नाव घेऊन मागायचं आणि प्रत्येक मागणीला सगळ्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं. हे कागदावर नसतं. वर्षभर चाळीत कुणाचं काय चाललंय हे ज्याला ठाऊक, त्यालाच ते जमतं. ह्यांना चाळीतलं एकूण एक घर पाठ होतं. गोदीतल्या नोकरीपेक्षा ह्या कामाचा त्यांना जास्त मान वाटायचा.

त्या वर्षी दुपारी आरती झाली आणि हे उभे राहिले. "बा देवा म्हाराजा," म्हणाले. होय म्हाराजा. दोन मागण्या नीट झाल्या. मग तिसरी मागणी पुन्हा पहिलीच आली. लोक चुळबुळले. मग त्यांनी मेलेल्या माणसाच्या नोकरीसाठी मागितलं. मग थांबले. नुसते उभे. पाय लटपटत होते, जीभ जड. मागून कुणीतरी हसलं. मंडळाचे सेक्रेटरी पुढे झाले, त्यांनी ह्यांच्या तोंडाचा वास घेतला. सगळ्यांदेखत घेतला. वास नव्हता, तरी म्हणाले, "काका, सणाच्या दिवशी तरी नको होती." आणि एकानं उतरावी म्हणून लिंबूपाणी आणलं.

ज्या माणसानं जन्मात सुपारीचं खांड तोंडात घातलं नाही, त्याला चाळ लिंबूपाणी पाजत होती. मी गर्दीतून पुढे येईपर्यंत ती जिन्यावरून धावत आली. पिठाचे हात तसेच, मोदकाची पारी वळत होती ती.

"काका, हात पुढे करा बघू. बस थांबवताना करता ना, तसे."

ह्यांनी केले. पंजे क्षणभर उभे राहिले आणि गळून पडले. पुन्हा उभे राहिले, पुन्हा गळले. दोरीवर वाळत घातलेले रुमाल वाऱ्यानं हलतात ना, तसे. पोरं तर खदखदून हसली.

"हे पिणं नाही," ती म्हणाली. हळू म्हणाली, पण ढोलवाल्यांनी गळ्यातले ढोल खाली ठेवले. "ह्यांना आत्ता इस्पितळात न्यायचंय. टॅक्सी बघा."

"तू काय डॉक्टर आहेस?" सेक्रेटरी म्हणाले.

"औषध देणारी नाही. पण हे हात मी ओळखते."

टॅक्सीत हे माझ्या खांद्यावर डोकं टेकून एकच वाक्य बोलले. "माझ्या तोंडाचो वास घेतल्यानी गो." रस्ता आठवत नव्हता, दिवस आठवत नव्हता, पण तेवढं कळलं होतं.

लिव्हरच होतं. साखरेचा आजार किती वर्षांचा, त्यानं आणि चरबीनं आतल्या आत लिव्हर पोखरलं होतं. त्यातून बरेच दिवस पोट साफ नव्हतं, ते विष वर चढलं. डॉक्टरांनी दाखल करून घेतलं, आणि पुढे घरी घ्यायला काकवीसारखं गोड औषध दिलं. त्याचं काम एकच, दिवसातून दोन-तीनदा पोट साफ करायचं. मी म्हटलं, मेंदूच्या आजाराला जुलाबाचं औषध? ती म्हणाली, "काकू, मोरी."

आता आपल्या चाळीत संडास मजल्याच्या टोकाला आणि सकाळची ती रांग. पण हे सांगायलाच हवं. हे बादली घेऊन गॅलरीत दिसले की रांग आपोआप बाजूला व्हायची. 'काकांना जाऊ दे रे.' सेक्रेटरीसुद्धा हातातलं टमरेल घेऊन मागे सरायचे. माफी कुणी मागितली नाही. पण अशी माफी मी दुसरीकडे कुठे बघितली नाही.

हे सुधारले. झोप रात्रीची झाली, रस्ते आठवायला लागले. पण गॅलरीत बसून गाऱ्हाणं पुटपुटायचे आणि मध्येच अडकायचे. मंडळानं तोवर येत्या वर्षाचं ते काम सेक्रेटरींच्या मेहुण्याला दिलं होतं. तो मोबाइलमध्ये बघून वाचणार होता. ह्यांनी ते ऐकून घेतलं. फक्त जेवण कमी केलं.

तेव्हा मी तिच्यापाशी गेले. सरळ म्हटलं, तुझ्या उंदरांना जे औषध देतेस, मेंदूची सूज उतरवणारं, ते ह्यांना दे. कुणाला सांगणार नाही. येत्या गणपतीपर्यंत डोकं लख्ख व्हायला हवं, पुढचं पुढे.

ती माळ्यावर होती, मी शिडीवर.

"काकू, ते काम करतं की नाही, मला माहीत नाही."

"मागच्या महिन्यात तर पेढे वाटलेस."

"पहिल्या खेपेला चांगलं दिसलं. पहिल्या खेपेला तुम्हाला मधलं पातेलं चांगलं लागलं होतं."

मी रागावले. दोन दिवस तिच्याशी बोलले नाही, डबा तेवढा भरून ठेवायची. तिनंही माझ्यामागे लागून समजूत काढली नाही. ह्यांचं गोड औषध मात्र वेळेवर घेतलंय का ते रोज बघायची. आणि रोज सकाळी कामावर जाताना गॅलरीत थांबायची. "हात पुढे करा बघू, काका." हात बघून झाले की म्हणायची, "आता दुसऱ्या मजल्याचं गाऱ्हाणं म्हणून दाखवा." उद्या तिसऱ्याचं. हे अडकले की ती थांबायची, सांगायची नाही. सांगण्यासारखं तिला काय माहीत होतं म्हणा, पण मला माहीत होतं आणि मी आतून सांगायला गेले की ती माझ्याकडे असं बघायची की मी पुन्हा मिरच्यांत तोंड घालायची.

गणपतीच्या आदल्या दिवशी ह्यांनी तिला विचारलं, "तुझ्यासाठी काय मागू गो? दुसऱ्या खेपेचा निकाल कधी?"

"पुढच्या आठवड्यात खुणा उघडणार."

"मग यश मागतंय."

"नको काका. यश नका मागू. जे खरं असेल ते दिसू दे, एवढंच मागा."

दुसऱ्या दिवशी आरती झाली. मेहुणा मोबाइल काढून उभा राहिला. हे गर्दीतून पुढे गेले. कुणी बोलावलं नव्हतं. ते देवाकडे वळले नाहीत, आधी लोकांकडे वळले आणि कुणी न सांगता दोन्ही हात पुढे केले. पंजे उभे, बोटं फाकलेली, डोळे मिटलेले. सगळा चौक बघत होता. हात हलले नाहीत. बऱ्याच वेळानं सेक्रेटरींनी मेहुण्याच्या हातातला मोबाइल काढून घेतला आणि ह्यांना म्हणाले, "काका, घाला."

घातलं. प्रत्येक घर घेतलं, एकही चुकलं नाही. आणि शेवटी म्हणाले, "जी कोण पोरगी आमच्या घरात ऱ्हवान औषदाचो शोध घेता, तिचा औषद खरा असात तर तिका खरा दिसांदे, खोटा असात तर खोटा दिसांदे, आणि दिसात ता सांगूची हिंमत तिका दी रे म्हाराजा."

असली मागणी कुणी ऐकली नव्हती. क्षणभर कुणाला कळेना काय करायचं. मग सगळा चौक 'होय म्हाराजा' म्हणाला. ती खांबाच्या आड होती. पदर असता तर तोंडाला लावला असता, ओढणी लावली.

पुढच्या आठवड्यात खुणा उघडल्या. जे पहिल्यांदा दिसलं होतं ते दुसऱ्यांदा दिसलं नाही. ती घरी आली, जेवली नाही, माळ्यावर जाऊन पडली. सकाळी डोकं धुऊन निघाली. मी विचारलं, आता? म्हणाली, "आता सांगायचं." तिच्याबरोबरचे तिला म्हणत होते, पहिल्या खेपेचंच लिही, काम होऊन जाईल, नोकरीला लाग. तिनं दोन्ही खेपा सरांसमोर ठेवल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तिच्या मागून आलेल्या मुलांच्या नावाआधी डॉक्टर लागलं. तिचं लग्न पुढे गेलं. सोलापूरहून तिच्या आईचे फोन यायचे ते मीच घ्यायची. मी सांगायची, "ताई, तुमची मुलगी उशीर करत नाही, खात्री करतेय." हे वाक्य मी कुठून शिकले ते तुम्हाला कळलंच असेल.

तिचं काम पुरं झालं तेव्हा कॉलेजात सगळ्यांसमोर ते सांगायचं होतं. मी आणि हे पुढच्या ओळीत. मी लेकीच्या लग्नातली पैठणी नेसले होते. तिथे बाकी कुणी पैठणी नेसलेलं नव्हतं. तिनं पडद्यावर मेंदूचे रंगीत तुकडे दाखवले, मला त्यातलं काही कळलं नाही. मग एका मोठ्या सरांनी विचारलं, थोडक्यात सांगा, हे औषध उपयोगी आहे का?

ती मराठीत बोलत नव्हती, पण ह्या उत्तराचं मराठी तिनं घरी आम्हाला आधीच ऐकवलं होतं. "सूज बसल्यावर दिलं तर नाही. सूज धरायच्या आधी दिलं तर उंदरांमध्ये कमी होते. माणसांमध्ये होईल का, ते माहीत नाही."

भरल्या सभेत ती ताठ मानेनं 'माहीत नाही' म्हणाली. माझ्या ओळखीची एवढी शिकलेली माणसं आहेत, हे दोन शब्द असे म्हणणारं त्यांच्यात कुणी मला आठवेना. हे माझ्या कानात म्हणाले, "दिसला ता सांगितल्यान." आणि टाळ्या कुणी सुरू करायच्या आत त्यांनीच सुरू केल्या.

आता ती चंदीगडला आहे. स्वतःची प्रयोगशाळा, हाताखाली मुलं. ती मुलंसुद्धा तीन पातेल्यांची आमटी चाखून मगच कामाला लागतात असं ऐकते. मसाला माझा जातो इथून. माणसांवरच्या चाचणीची तयारी चालली आहे म्हणते. होईल का विचारलं तर उत्तर तुम्हाला ठाऊक आहे.

हे गेले. शेवटी लिव्हरनंच नेलं, पण त्या दुपारनंतर पुष्कळ गणपती त्यांनी पाहिले आणि शेवटच्या वर्षापर्यंत गाऱ्हाणं त्यांनीच घातलं. त्यांच्या नंतर कुणी घालायचं म्हणून मीटिंग बसली, तर सेक्रेटरी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "काकूंना सगळं पाठ आहे." बाई गाऱ्हाणं घालणार का, असं कुणी म्हणालं नाही. म्हणायला होतं कोण? अर्ध्या खोल्यांना कुलपं आहेत.

तेव्हापासून मी घालते. तिची मागणी शेवटी येते, ह्यांच्या शब्दांत, एक अक्षर बदललेलं नाही. मागच्या वर्षी मेहुण्यानं मोबाइल उंच धरला होता. त्यात ती होती, पांढऱ्या कोटात. मी मागणं म्हटलं, चौकातली उरलेली माणसं 'होय म्हाराजा' म्हणाली, मूर्तीपुढची समईची वात जरा हलली आणि सगळं शांत झाल्यावर, नेटवर्कमुळे असेल, मागाहून तिचा एकटीचा आवाज आला. होय म्हाराजा.

तर तुम्हा सगळ्यांना सांगते, विरारचे असा की बदलापूरचे, या वर्षी पहिल्या दिवशी दुपारी या. फोनवर नको. आणि तू, हे वाचशीलच, कारण स्मरणिका मी तुला मसाल्याच्या डब्यातच घालून पाठवणार आहे. तुझा आवाज सगळ्यांच्या मागून एकटा येतो, ते मला बरं नाही वाटत. माळा झाडून ठेवलाय. लवकर ये, आणि आलीस की आधी माझे हात बघ.